देवासमोर लावलेला कॅमेरा

मी देवास शहरातल्या टेकडीखालच्या एका दुकानातला कॅमेरा बोलतोय. जरा उजेडात या. तोंडावरचा रुमाल काढा. हं, आता ऐका. आणि मला फक्त दिसतं, ऐकू येत नाही, असं समजू नका. सगळे तसंच समजतात आणि माझ्यासमोर वाट्टेल ते बोलतात.

माझा कारखाना मला आठवत नाही. जाग आली ती इंदूरच्या दुकानात, थर्माकोलच्या खोक्यात. २००५ साली जयसिंगरावांनी मला विकत आणलं. मराठ्यांच्या दरबाराबरोबर माळव्यात आलेलं त्यांचं घराणं. पुढे पूजासाहित्याचं दुकान, मागे घर आणि मधे चांदीच्या कपाटाची बिनखिडकीची खोली. त्या कपाटातून चांदीचे करंडे, जोडवी अशा बारीकसारीक वस्तू नाहीशा होत होत्या.

मला कुठे लावायचं, यावर बराच खल झाला. शेवटी जयसिंगराव म्हणाले, "कॅमेऱ्यात आधी देव दिसला पाहिजे." झालं. त्याच खोलीतल्या देव्हाऱ्यासमोर मला ठोकलं. कपाट राहिलं कोपऱ्यात.

दिवसा बल्बच्या उजेडात माझं बरं चाले. दिवेलागणीला मात्र दुकानातल्या गल्ल्याजवळचा माझा पडदा काळाठिक्कर होई. त्या वेळी देवापुढे समई लावायला भवानीबाई येत. वीस वर्षांपासून त्या दुकानात कामाला होत्या. झाडलोट, भांड्यांना चकाकी देणं, सगळं त्यांच्याकडे. त्या आल्या की अंधार. जयसिंगराव पडद्यासमोर बसून दात-ओठ खात. मलाही बाईंचाच संशय येऊ लागला. बाई वायर हलवत असणार. घरच्या सूनबाईंनी चहात साखर जास्त घातली तरी मी मनात नोंद करी, मग बाईंना कसं सोडणार?

एका संध्याकाळी जयसिंगराव त्यांना म्हणाले, "बाई, उद्यापासून येऊ नका."

भवानीबाईंनी कारण विचारलं नाही. समईची वात नीट केली, चपला घातल्या आणि गेल्या. कारण विचारलं नाही म्हणजे चोरी केलीच, असं मी ठरवून टाकलं. मेलं माझं डोकं.

समई आता जयसिंगरावांच्या आई, इंदिराबाई, लावू लागल्या. तरी पडदा काळाच, आणि आठवड्यात आणखी एक करंडा गेला. तेव्हा कुठे जयसिंगरावांनी इंदूरहून अर्पित नावाच्या मेकॅनिकला बोलावलं. तो स्टुलावर चढला आणि हसला.

"भिया, कॅमेऱ्यात काही खराबी नाहीये. समोर दिवा पेटतो ना, तो उजेड बघून हा डोळा बारीक करून घेतो. मग बाकी सब अंधार."

"म्हणजे बाईंनी काही केलं नव्हतं?"

"बाई काय करणार? तुम्हीच याला दिव्यासमोर ठोकलाय."

देवाच्या दिव्यावर कोण संशय घेणार? माझ्या पाठीला चार बारीक खटके आहेत. अर्पितने एक वर केला, तशी समई भडक पांढरी झाली, पण कपाट उजळलं. दुसऱ्या खटक्याने अंधारातलं आणखी वर आलं. चित्रावर तांदळाच्या कणीसारखे ठिपके आले, पण माणूस ओळखू येत होता.

दुसऱ्याच दिवशी दिवेलागणीला एक बाई वाती घ्यायला आली. इंदिराबाईंनी तिला आत बोलावलं, कमरेच्या किल्लीने कपाट उघडलं आणि चांदीचा करंडा तिच्या ओटीत घातला. तिनं तो झटकन पदराआड केला, हेही मी टिपलं.

जयसिंगराव धावत आत आले. "आईसाहेब, हे काय?"

"काय म्हणजे? दिवेलागणीला आलेली सवाष्ण रिकामी पाठवू? या घरात तशी रीत नाही."

त्याच पावली ते भवानीबाईंकडे गेले आणि त्यांना घेऊन आले.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"होतं, भाऊसाहेब."

"मग बोलला का नाही?"

"बोलले असते तर तुम्ही आईसाहेबांच्या कमरेची किल्ली काढून घेतली असती. ती काढली की त्यांच्यापाशी राहतं काय?"

जयसिंगरावांनी हात जोडले. बाईंनी झाडू उचलला. किल्ली आजही इंदिराबाईंच्या कमरेलाच आहे. कपाटात आता त्यांच्यासाठी पितळी करंडे ठेवतात.

मला इथे तीन वर्षं झाली. काचेवर धूर बसलाय, तरी सगळं लख्ख दिसतं. रोज घरी जाताना भवानीबाई माझ्याखाली थांबतात. पदर झटकतात, दोन्ही हात उघडून मला दाखवतात, मग जातात. कुणी सांगितलेलं नाही. जयसिंगराव "बाई, नका हो" म्हणून थकले. बाई हसतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा थांबतात.

तुमच्या ओळखीचा कोणी मेकॅनिक असेल तर धाडा. माझ्या पाठीचे खटके त्याला नीट बघू द्या. बाई निघतात तेवढा वेळ मला काही दिसू नये, असं काही करता येतं का, ते त्याला विचारा.