लाइट गेलेलं विमान

मित्रांनो, मी एक जुनी जॉयस्टिक आहे, आणि खरं विमान मी अजून एकदाही पाहिलेलं नाही. तरी लढाऊ विमानं किती उडवली म्हणून विचाराल, तर मलाच सांगता यायचं नाही. संगणकावरच्या आभाळात मला उजवीकडे झुकवलं की विमान उजवीकडे वळतं, मागे ओढलं की वर चढतं. माझ्या मुठीवर बोटाखाली एक घोडा आहे. तो दाबला की गोळ्या सुटतात.

कारखान्यातलं मला फारसं आठवत नाही. थर्माकोलच्या कुशीत झोपले, ती गंगाखेडला श्रीरामच्या टेबलावर जागी झाले. पहिल्या वर्षी माझं काय कौतुक! गल्लीतली पोरं नुसता हात लावायला मिळावा म्हणून ताटकळायची. श्रीरामचे वडील दत्तोपंत, शाळेतले कारकून, मला 'खुंटा' म्हणायचे. तेवढं सोडलं तर माझं बरं चाललं होतं. मग श्रीराम नोकरीसाठी पुण्याला गेला आणि मी माळ्यावर गेले, पापडाच्या डब्याशेजारी. गरज सरो, वैद्य मरो, दुसरं काय!

मला खाली काढलं त्याच्या धाकट्या बहिणीनं, उत्तरानं. तिनं माझी धूळ पुसली आणि सैल पडलेल्या स्प्रिंगला आपल्या केसांचं रबर गुंडाळलं. श्रीराम पुण्याहून फोनवर तिला डावपेच शिकवायचा. "उंची सोडू नको. उंची म्हणजे साठवलेला वेग. नुसती गरगर वळत बसलीस की वेग संपला, अन् वेग संपला की तू संपलीस." पोरगी हुशार. हां हां म्हणता नेटवरच्या मोठमोठ्या खेळाडूंना पाडायला लागली.

आता आमच्या जिल्ह्यातला एक रिवाज सांगते. इथे लाइट कधी जाईल ते देवालाही ठाऊक नसतं. लाइट गेली की वायफाय बंद पडतं. लॅपटॉप चालूच असतो, पण विमान कुणाच्याच हातात राहत नाही. खेळणारा मोबाइलचं नेट जोडेपर्यंत ते मुकाट्यानं सरळ जात राहतं. अशा आंधळ्या विमानाला पाडणं म्हणजे झोपलेल्या माणसाला मारणं. म्हणून बोरी, वालूर, गंगाखेडच्या खेळाडूंनी आपसांत ठरवलं होतं, की समोरचं विमान असं सुटलं तर घोड्यावरचं बोट काढायचं आणि बाजूला घिरट्या घालत थांबायचं. नेट आलं की त्यानं पंख हलवायचे, मग लढाई पुढे सुरू. याला सगळे 'लाइट-माफी' म्हणत. खेळाच्या नियमांत हे कुठेच नाही, आणि मोडलं तर विचारणारंही कोणी नाही.

हा रिवाज मोडला वालूरच्या बिरदेवनं. घरची मेंढरं सांभाळून आयटीआय शिकणारा हा मुलगा पट्टीचा खेळाडू. एका सामन्यात आमची लाइट गेली आणि त्यानं उत्तराचं विमान खुशाल पाडलं. नंतर तिनं जाब विचारला, तर म्हणाला, "मला काय ठाव, लाइट गेली का तू नाटक करायलीस?" उत्तरा त्या दिवशी जेवली नाही. मला तिनं टेबलावर असं आपटलं, की रबर तुटून कोपऱ्यात उडालं. राग त्याच्यावर आणि मार मला!

पुढे जिल्ह्याच्या स्पर्धेची शेवटची फेरी आली. जिंकणारा मराठवाड्याच्या संघात जाणार होता. त्या संघात आजवर एकही मुलगी गेली नव्हती, आणि उत्तराला तिथं जायचंच होतं. समोर कोण? बिरदेवच. रविवारची दुपार होती. सुट्टीवर आलेला श्रीराम खुर्चीमागे उभा होता.

उत्तरानं सूर्य पाठीशी घेतला, उंचीवरून झेप टाकली आणि बरोब्बर त्याच्या शेपटीमागे आली. तेवढ्यात त्याचं विमान सरळ सुटलं.

"मार!" श्रीराम ओरडला. "अगं, बघायलीस काय? मार!"

"लाइट गेली वाटतं त्याची."

"त्यानं पाहिली होती का तुझी लाइट?"

तिचं बोट घोड्यावर टेकलं होतं. खरं सांगते, मलाही वाटलं, दाबावं. जशास तसं. घोडा अर्धा दबलासुद्धा.

आणि तिनं बोट काढून घेतलं.

थांबणं फुकट नसतं, मित्रांनो. घिरट्या घालताना तिचा वेग गेला, उंची गेली, मोठ्या कष्टानं मिळवलेली जागा गेली. मग बिरदेवच्या विमानानं पंख हलवले, लढाई पुन्हा सुरू झाली, आणि आता वरचढ तो होता. उत्तरा शर्थीनं लढली, पण हरली. श्रीराम खोलीतून निघून गेला. बाहेरच्या खोलीतून दत्तोपंतांनी विचारलं, "हरलीस का?"

"हो, बाबा."

"मग तो खुंटा आपटू नको आता."

तिनं आपटलं नाही. मला अलगद खाली ठेवलं, इतकं की मलाच भरून आलं.

थोड्या वेळानं फोन वाजला. बिरदेव होता.

"मागल्या खेपंला तुजी लाइट गेल्ती, हे मला ठाव होतं," तो म्हणाला. "हेडफोनात तुजा आवाज मधीच तुटला, तवाच कळलं होतं. आज माजी गेली तवा म्हन्लं, झालं, पडलो. नेट आलं अन् बघतो तर मी उडायलोच हाय! अन् तू बाजूला फिरायलीस."

उत्तरा म्हणाली, "आता माझी लाइट गेली तर?"

"थांबीन. आईची आन, थांबीन."

हरताना न रडलेली उत्तरा आता रडली. संघातली जागा काही परत मिळाली नाही.

मित्रांनो, आमच्यासारख्या जुन्या वस्तूंची धूळ पुसत जा, रागाच्या भरात आम्हाला आपटू नका, एवढं मी मागेनच. पण समोरचा आंधळा झालेला असेल तेव्हा घोड्यावरचं बोट काढा, हे मागणं त्याहून मोठं आहे. ते कशासाठी, ते मला परवा कळलं. बिरदेवशी सराव ऐन रंगात आला होता आणि आमची लाइट गेली. उत्तरानं मला सोडलं, केस नीट बांधले, माठातलं पाणी प्यायली, आणि मग सावकाश नेट जोडायला घेतलं.