एकतीस म्हणजे तीस

जोतीराम तात्यांना आजवर साहेबांनी, सासऱ्यानं आणि खुद्द बायकोनं निरनिराळ्या कारणांवरून नावं ठेवली होती, पण त्यांच्या मापाला कुणी कधी नाव ठेवलं नव्हतं. बारामतीच्या ऊस प्रयोग केंद्रावर ते सव्वीस वर्षं शेतं आखत होते. सांगवीपासून पळसदेवपर्यंत कुठंही बांधावरून भाऊबंदांची जुंपली, की लोक आधी तात्यांना बोलवायचे. तात्यांनी टेप गुंडाळला म्हणजे विषय संपला, असं दोन्ही बाजू धरून चालायच्या. आजोबांची सगळी हयात मेंढरांमागं गेलेली, मोजमापाची नोकरी घरात पहिल्यांदा तात्यांनाच लागलेली. त्यामुळं या गोष्टीचा त्यांना अंमळ जास्तच अभिमान होता.

आणि शहाण्णव सालच्या फेब्रुवारीत केंद्रावरच्या नव्या कोऱ्या कॉम्प्युटरनं तोच काढून घ्यायचं मनावर घेतलं.

झालं होतं असं, की पळसदेवला झुंबर या शेतकऱ्याच्या रानात केंद्रानं उसाच्या चार वाणांचा प्रयोग लावला होता. सहा पट्टे, प्रत्येक पट्ट्यात चारी वाणांचा एकेक, असे चोवीस प्लॉट. प्रत्येक प्लॉट तीस फूट लांब, वीस फूट रुंद, म्हणजे सहाशे चौरस फूट. सगळे तात्यांनी आखलेले. ऊस तुटला, वजनं झाली. चारांतला एक नवा वाण एकरी एकसष्ट टनांवर गेला. साठच्या पुढं गेला तर पुण्याच्या बैठकीत त्याला मोठ्या चाचणीसाठी मंजुरी मिळणार होती, आणि बैठक सोमवारी होती. आकडे मशीनमध्ये घालायचं आणि त्यांचा आलेख काढायचं काम दिपालीकडं होतं. ही पोरगी कोऱ्हाळ्याची, शेतकीची पदवी घेऊन सहा महिन्यांमागं केंद्रावर लागलेली, हुशार आणि कामाला वाघ. पण आलेख काढ म्हटलं की मशीन इंग्रजीत एकच ओळ दाखवायचं आणि ढिम्म व्हायचं.

"प्लॉट साइज टू लार्ज," दिपालीनं वाचून दाखवलं.

तात्या तिच्या खुर्चीमागं उभे होते. साइज त्यांना चपलेवरून ठाऊक होता आणि लार्ज बनियनवरून. प्लॉट तर त्यांचाच होता. म्हणजे मशीन म्हणत होतं, की प्लॉट मोठा आहे. बारामतीत टेबलावर बसून, पळसदेवच्या रानाकडं न बघता, हे त्याला कळलं कसं? तात्यांनी चष्मा पुसून पुन्हा पडद्याकडं पाहिलं. ओळ तीच होती.

दिपालीचाही गोंधळ उडाला होता. शिकताना तिनं आकड्यांचे तक्ते केले होते, आलेखाला मात्र हात लावला नव्हता. आकड्यांच्या यादीत 'प्लॉट साइज' नावाचा रकाना होता आणि त्यात सहाशे लिहिलेलं होतं. तिनं पाचशे करून पाहिलं. मशीन तेच म्हणालं. शंभर केलं, तरी तेच. शेवटी वैतागून दहा केलं, तेव्हा त्या वाणाचं उत्पादन एकरी साडेतीन हजार टनांच्या वर गेलं आणि मशीनची कुरकुर होती तिथंच राहिली. साहेब बाहेरून डोकावून म्हणाले, की मापाचं काही असेल तर मोजणाऱ्याला विचारा, मशीन उगाच कशाला बोलेल. ते बोलले सहज, पण तात्यांच्या ते काळजात गेलं. सव्वीस वर्षांत असा प्रश्न त्यांना कुणी केला नव्हता.

शुक्रवारी सकाळी पहिल्या एसटीनं ते भिगवणला गेले आणि तिथून इंदापूर गाडीनं पळसदेवला उतरले. उजनी धरणाचं पाणी मागं सरलं होतं. झुंबरच्या रानात तुटलेल्या उसाचा खोडवा गुडघ्याएवढा आला होता आणि तात्यांनी ठोकलेल्या खुंट्या कोपऱ्याकोपऱ्यावर जशाच्या तशा होत्या. त्या पाहून त्यांना धीर आला. झुंबरनं टेपचं टोक खुंटीवर धरलं, तात्या दुसऱ्या खुंटीपर्यंत चालत गेले. तीस. आडवं धरलं. वीस. दुसरा प्लॉट, तिसरा प्लॉट, तीस आणि वीस. पाण्याकडच्या तिन्ही पट्ट्यांतले बाराच्या बारा प्लॉट त्यांनी मोजले. मशीनच्या नावानं एक शिवी हासडली आणि बांधावर बसून पाणी प्यायले.

पण समाधान होईना. मशीनला तात्यांशी वैर धरायचं काय कारण? त्याला ना भाऊबंदकी, ना राजकारण. ते म्हणतंय तर काहीतरी असलंच पाहिजे. आपले डोळे तर गेले नाहीत? त्यांनी झुंबरला सांगितलं, आता तू ये इकडं आणि आकडा तू वाच, टोक मी धरतो.

"एकतीस," झुंबर पलीकडून म्हणाला.

"म्हंजी तीस," तात्या म्हणाले.

झुंबर टेप तसाच धरून उभा राहिला. "एकतीस म्हंजी तीस कसं, तात्या?"

तात्यांना त्याच्या अडाणीपणाची कीव आली. टेपचा पहिला फूट तुटलेला असतो, त्यामुळं एकपासून धरायचं आणि येईल त्यातून एक वजा करायचा, हे त्यांनी त्याला समजावून सांगितलं. सांगता सांगता त्यांची नजर आपल्या हाताकडं गेली. बोटांत पितळी कडी होती. कडीपासून पुढं टेप पिवळाधमक होता, आणि त्याचा पहिला फूट अंगठ्याखाली अगदी शाबूत होता.

जुन्या टेपचा पहिला फूट पाच वर्षांमागं ट्रॅक्टरखाली गेला होता. तात्यांनी नव्यासाठी अर्ज केला, अर्ज टेबलाटेबलावरून फिरला, आणि तोवर ते एकतीस वाचून तीस म्हणायला शिकले. या प्रयोगाच्या लागणीला याच रानात वरचे तीन पट्टे आखून झाले, त्या दिवशी दुपारी केंद्राची जीप नवा टेप घेऊन आली होती. तात्यांनी त्याला हळदकुंकू लावलं होतं. उरलेले, पाण्याकडचे तीन पट्टे नव्या टेपनं आखले. कडी धरायला रोजानं आलेली छबूबाई होती, तिला आकडे वाचता येत नव्हते. आणि तात्यांचा हात चार वर्षांच्या सवयीनं एकतिसावर थांबत राहिला, एकविसावर थांबत राहिला. आत्ता तासाभरापूर्वीसुद्धा तो तिथंच थांबला होता.

एकतीस गुणिले एकवीस त्यांनी मातीत काडीनं केलं. सहाशे एक्कावन्न. पाण्याकडच्या तीन पट्ट्यांत ऊस जास्त निघाला, तो गाळाच्या जमिनीमुळं, असं झुंबर म्हणाला होता, साहेब म्हणाले होते, तात्यांनीही मान डोलावली होती. गाळ कसला नि काय. जमीनच जास्त होती. तात्या मातीतल्या आकड्याकडं बघत बसले. त्यांना झुंबरची लाज वाटली, छबूबाईची वाटली, आणि सगळ्यात जास्त त्या मशीनची वाटली. परतताना झुंबर त्यांना सडकेपर्यंत पोचवायला आला.

शनिवारी ते केंद्रावर पोचले, तर दिपाली दारातच हसत उभी होती. तिनं पुण्याला तिच्या सरांना फोन लावला होता. इंग्रजीत आलेखालाही प्लॉटच म्हणतात, असं सरांनी सांगितलं. मशीनला रुंद कागदाचं माप दिलेलं होतं आणि छपाईयंत्रात कागद होता अरुंद, त्यामुळं चित्र कागदात मावत नव्हतं, एवढंच ते बिचारं सांगत होतं. माप कमी केल्याबरोबर आलेख निघाला. साहेबांच्या टेबलावर तो कागद पडला होता आणि नव्या वाणाचा खांब साठच्या रेघेवर डोकं काढून उभा होता.

"तुमचं माप बरोबरच हुतं, तात्या," दिपाली म्हणाली. "मी उगं तुमाला पळसदेवला पळवलं. माझंच चुकलं."

तात्यांना हे नीट उमगेना. मशीन प्लॉट मोठा म्हणालं, ते प्लॉटबद्दल नव्हतंच. आणि प्लॉट तर मोठा निघाला. मग सांगितलं कुणी? त्यांनी खांबाकडं पाहिलं, दिपालीकडं पाहिलं. साहेब खुशीत होते, त्यांनी तात्यांसाठीही चहा मागवला. आता गप्प बसलं तर कुणाला काही कळणार नव्हतं. झुंबर बोलणारा माणूस नव्हता, आणि खुंट्या चार महिन्यांत कुजणार होत्या. चहा आला. तात्यांनी कप उचलला आणि तसाच खाली ठेवला.

"साहेब, मशीन कशाबद्दल बोलत हुतं ते मला ठावं न्हाय," ते म्हणाले. "पर प्लॉट मोठा हाय. बारा प्लॉट मोठं हायती."

मग त्यांनी टेपचं सगळं सांगितलं. साहेबांनी आधी ऐकून न ऐकल्यासारखं केलं, मग म्हणाले, की एका फुटानं काय होतंय, सोमवारवर बैठक आलीय. दिपालीनं गुपचूप बारा प्लॉटांसमोर सहाशे एक्कावन्न घातले. नव्या वाणाचे पाण्याकडच्या पट्ट्यांतले त्रेसष्ट टन अठ्ठावन्नावर आले, वरच्या पट्ट्यांच्या बरोबरीला. आलेख पुन्हा निघाला. सगळे खांब थोडे थोडे बसले होते आणि नव्या वाणाचा साठच्या खाली राहिला होता. साहेबांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवून पाहिले आणि शेवटी ते म्हणाले, की हा दुरुस्त केलेलाच पाठवा.

दुरुस्तीच्या कागदावर कारण लिहायचं होतं. दिपाली हळूच म्हणाली, जुना टेप सदोष होता असं लिहू का, तेही खोटं नाही.

"टेप दोनी चांगलं हुतं," तात्या म्हणाले. "मोजणाऱ्याची चूक म्हणून लिव्हा."

तिनं लिहिलं. सव्वीस वर्षांच्या कागदांत अशा वाक्याखाली तात्यांची सही कधी नव्हती. ती त्यांनी केली. साहेबांचा आवाज आता नरम झाला होता. पुढच्या लागणीला मोजायला केंद्रावरच्या तरण्या सिद्धूला पाठवू, तुम्ही जरा विश्रांती घ्या, असं ते म्हणाले. तात्यांनी मान हलवली. दारापर्यंत गेले आणि तिथून मागं वळले.

"पाठवा सिद्धूला," ते म्हणाले. "पर मला संगं जाऊ द्या, साहेब. कडी म्या धरतो. आकडा त्यो वाचंल."