समोरचं मिग

निधीने गौरांगची खुर्ची मागे ओढली, तिच्यावर बसली आणि कुणी काही विचारायच्या आत माउसवर हात ठेवला.

"उठ. माझी जागा आहे ती," गौरांग दारातून म्हणाला. त्याच्या दोन्ही हातांत पन्ह्याचे ग्लास होते.

"आजची मांडणी मी पाहणार."

"मांडणी काय पाहायची? रोजचीच आहे."

रोजचीच होती. कम्प्युटरच्या पडद्यावर लढाईच्या खेळातली दोन विमानं समोरासमोर होती. त्याचं अमेरिकन एफ-सोळा आणि तिचं रशियन मिग-एकोणतीस. प्रत्येकाच्या खाली इंधनाची एक पट्टी होती. मिगची पट्टी या टोकापासून त्या टोकापर्यंत भरलेली. एफ-सोळाची सुरू होते न होते तोच संपलेली.

निधी त्या दोन पट्ट्यांकडे बघत राहिली. वर्षभर दर रविवारी ती अमरावतीहून, राजापेठेतल्या आपल्या खोलीतून, इंटरनेटवर या मावसभावाशी लढत होती. मांडणी नेहमी तोच करायचा, आणि सुरू करताना म्हणायचा, दोघांचं फुल आहे बरं का. भरल्या टाकीचं विमान वळायला जड जातं. तिघी बसलेली स्कूटी राजापेठच्या चौकात वळवून पाहा, म्हणजे कळेल. आणि ती वेडी दर रविवारी हरून झाल्यावर स्वतःचं मनगट चोळत बसायची, आपण जॉयस्टिकची दांडी उशिरा ओढली का याचा विचार करत.

"हे काय आहे?"

"काय?"

"तेल, गौरांग. माझं फुल, तुझं पाव."

गौरांगने ग्लास टेबलावर ठेवले. "अगं, एफ-सोळाला कमीच लागते. एकच इंजिन आहे त्याला. वाचत जा ना काहीतरी."

"एक इंजिन आहे तर निम्मं ठेव. पाव कावून?"

पलंगावर पालथा पडलेला विपुल खुसखुसला. विपुल गौरांगचा शाळेपासूनचा दोस्त. गौरांग या लढाया आपल्या चॅनलवर लाइव्ह दाखवायचा, तेव्हा लोकांच्या कॉमेंट वाचून दाखवायचं काम त्याच्याकडे.

"पकडलं ना राजेहो," तो म्हणाला. "म्या म्हणतच होतो, हे पोरगी एक दिवस अकोल्याले येईन अन् तुले पकडीन."

म्हणजे यालाही माहीत होतं. निधीने पन्ह्याचा ग्लास दूर सरकवला.

तेलाचं तर आत्ता कळलं होतं. ती आली होती वेगळ्याच गोष्टीसाठी. गुरुवारी क्लासच्या जिन्यात एक मुलगा मोबाइलवर गौरांगचाच व्हिडिओ पाहत होता. 'समोरचं मिग बॉट हाय,' तो शेजारच्याला सांगत होता. 'कम्प्युटरच उडवते. एकदम सोपं ठेवते ना भाऊ, म्हणून जिंकते.' निधी म्हणाली, ती मी आहे. दोघांनी तिच्याकडे पाहिलं, मग एकमेकांकडे पाहिलं, आणि इतके हसले की वरून सर ओरडले. घरी येऊन तिने सगळे व्हिडिओ पुन्हा पाहिले, या वेळी खालच्या कॉमेंटसकट. 'कम्प्युटर जरा कडक ठेव ना भाऊ,' असं कुणीतरी लिहिलं होतं. त्याखाली गौरांगचं उत्तर होतं. 'पुढच्या वेळी नक्की, भाऊ.' सोबत दोन जोडलेले हात.

ते जोडलेले हात तिला तीन रात्री झोपू देत नव्हते. आई कुरोड्या करायला कुंदामावशीकडे निघाली तेव्हा ही बोलावल्याशिवाय तयार होऊन दारात उभी. आईला वाटलं, पोरीला कामाची आवड लागली.

"तू लोकांना मी बॉट आहे म्हणून सांगितलंस," निधी म्हणाली.

"मी कुठं सांगितलं? त्यांनीच तसं धरून घेतलं."

"आणि तू हात जोडलेस."

गौरांगने मान खाजवली. मग त्याचा आवाज एकदम समजूतदार झाला, मोठ्या माणसांचा असतो तसा. "हे पाय निधी, मुलगी आहे म्हटलं की कॉमेंटमध्ये काय काय लिहितात, तुला माहीत नाही. तुझ्यासाठीच नाव नाही घेतलं मी."

"मला विचारलं होतंस?"

"विचारायचं काय त्यात."

"आज लाइव्हमध्ये माझं नाव घ्यायचं. आणि तेल दोघांना सारख्या वेळाचं."

"नावाचं पाहू. तेल कितीही घाल, त्यानं काय होते? रशियन मशीनमध्येच दम नाही. मी वर्षभर तेच दाखवून राहिलो ना लोकांना."

"मग तू घे मिग," निधी म्हणाली. "मी एफ-सोळा घेते."

विपुल उठून बसला. "आता बोल, गौऱ्या."

विपुलसमोर नाही म्हणायची सोय नव्हती. गौरांगने खांदे उडवले, तिला शेजारच्या, दांडी जोडलेल्या लॅपटॉपकडे बोट दाखवलं आणि स्वतः आपल्या खुर्चीत बसला. दोघांच्या पट्ट्या निधीने स्वतः भरल्या. हवामान मात्र त्याने निवडलं. खाली डोंगर आणि त्यांना टेकलेला दाट ढग.

जिन्यात पावलं वाजली. कुंदामावशी डोक्यावर ओला टॉवेल घेऊन दारात उभी राहिली, हाताला गव्हाचा चीक वाळलेला.

"निधी, चल गं गच्चीवर. कुरोड्या पलटवायच्या आहेत. तुझी आई एकटी उन्हात आहे."

"गौरांगला सांग ना, मावशी."

"त्याचं लाइव्ह आहे नं बाळा."

"माझंही आहे."

"तुझं काय आहे?" मावशीने विचारलं. विचारण्यात काही खोच नव्हती, तिला खरंच माहीत नव्हतं. तिने गौरांगकडे पाहिलं. गौरांग कानावर हेडफोन चढवत होता. तो चढवायला त्याला आज फार वेळ लागत होता.

"ये मग झालं की," मावशी म्हणाली आणि गेली.

निधीचे कान तापले होते. कूलरचा झोत सरळ तिच्या तोंडावर येत होता, तरी तापले होते.

गौरांगच्या पडद्यासमोरच्या माइकचा दिवा हिरवा झाला.

"तर मंडळी, नमस्कार. आज एक प्रयोग करून राहिलो आपण. आज मिग मी घेतलंय आणि समोर एफ-सोळा आहे. समोरच्याचं सोडा. आज मी हरलो, तर दोष कोणाचा ते तुम्हीच ठरवा." आणि त्याने तिच्याकडे वळून डोळा मारला.

तेव्हा तिच्या लक्षात आलं. ती जिंकली तर एफ-सोळा जिंकलं. वर्षभर तो जे सांगत होता, ते आता ती स्वतःच्या हाताने खरं करून दाखवणार होती. अदलाबदल तिनेच मागितली होती. तोंडातून शब्द निघताना आपल्याला एवढंही सुचू नये, याचा तिला त्याच्याहून जास्त राग आला.

लढाई सुरू झाली. एफ-सोळा चांगलं होतं, हे रागातही कबूल करावं लागलं. बोटाने ढकलावं आणि ते वळावं. मिग असं नव्हतं. मिगला धरून ठेवावं लागायचं, वेग कुठे ठेवायचा ते त्याच्या कलाने घ्यावं लागायचं, आणि मग ते अशा ठिकाणी नाक वळवायचं की समोरच्याला कळायचंही नाही. गौरांगला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो मिगला एफ-सोळासारखं हाणत होता. दोन वळणांत निधी त्याच्या मागे होती.

"काय जड आहे हे," तो माइकमध्ये म्हणाला. "पाहा, पाहा मंडळी, वळतच नाही."

तिचं बोट मारा करायच्या बटणावर होतं. तिने दाबलं नाही. तेवढ्यात त्याने नाक खाली घातलं आणि ढगात शिरला.

त्याचा पडदा तिच्या हाताशीच होता. सगळा पांढरा झालेला. मधे तेवढी, विमान किती कललंय ते दाखवणारी क्षितिजाची तबकडी दिसत होती, आणि तबकडीतलं चिमुकलं विमान उजवीकडे कललं होतं. गौरांगने ते पाहिलं आणि दांडी आणखी उजवीकडे दाबली.

अमेरिकन विमानात त्या तबकडीतलं विमान स्थिर असतं आणि क्षितिज कलतं, तुम्ही आत बसून बघता तसं. मिगमध्ये उलटं. क्षितिज जागच्या जागी असतं आणि विमान कलतं, बाहेरून कुणी बघावं तसं. उजेडात त्याने बिघडत नाही, काचेतून जमीन दिसते. ढगात सवयीचा हात चुकतो आणि सरळ करायला म्हणून विमान आणखी वाकडं करतो. निधी सुरुवातीला अशीच डोंगरावर आपटत राहिली होती. तेव्हा गौरांगने हेडफोनमध्ये हसून म्हटलं होतं, मशीनच तशी आहे गं. कारण तिने एकटीने शोधलं होतं.

"कंट्रोलच लागत नाही," गौरांग म्हणत होता. "पाहा, भंगार आहे. रशियन मशीन म्हणजे निव्वळ भंगार. आता पडलं तर मला नका म्हणू."

पडू द्यावं. तिने गप्प बसावं, तो आपटेल, आणि उद्या क्लासच्या जिन्यात तो मुलगा शेजारच्याला सांगेल की मिग आपोआप पडतं.

"मशीनला नको बोलू," निधी म्हणाली. "डावीकडे घे."

"काय?"

"डावीकडे. तबकडीत जे हलते ते तुझं विमान आहे, जमीन नाही. डावीकडे घे म्हणते ना मी. आणखी. बस. आता दांडी ओढ."

त्याचा हात तिच्या शब्दामागून गेला. चिमुकलं विमान सरळ झालं. उंचीचा काटा थांबला.

विपुल हातातल्या फोनवरून वाचायला लागला, एरवी वाचायचा त्यापेक्षा हळू. "हे पोरगी कोण हाय, विचारून राहिले. अजून एकानं विचारलं. कोण बोललं भाऊ. आवाज कोणाचा. ताईले सगळं कसं काय माहीत." त्याने मान वर केली. "लय जण विचारून राहिले, गौऱ्या."

गौरांग माइककडे सरकला.

"अरे, ती माझी मावसबहीण आहे," तो हसत म्हणाला. "सुट्टीत आली आहे. थोडंफार मीच शिकवलंय तिला."

निधीने लॅपटॉपच्या दांडीवरचा हात काढून मांडीवर ठेवला. तिचं एफ-सोळा ढगाच्या वर, उन्हात, सरळ रेषेत एकटंच जात राहिलं.

तबकडीतलं विमान पुन्हा कलायला लागलं, या खेपेला डावीकडे. गौरांगने दांडी थोडी इकडे नेली, थोडी तिकडे नेली. उंचीचा काटा उतरू लागला. त्याने तिच्याकडे पाहिलं. ती खिडकीबाहेर बघत होती, जिथे गच्चीच्या पायऱ्यांवर कुणाची तरी सावली वर चालली होती.

त्याने माइकचं बटण दाबलं. माइकचा दिवा लाल झाला.

"निधे, बोल ना. आता कुठं?"

"माइक बंद करून नको विचारू."

"अगं, पडून राहिलं ते."

"दिसते मला."

"हे काही बरं नाही हं निधी. एवढे लोक पाहून राहिले."

"हो," ती म्हणाली. "म्हणूनच."

विपुलने फोन पलंगावर उलटा ठेवला आणि दोघांकडे पाहत राहिला. पांढऱ्या पडद्याच्या तळाशी, ढग फाटला होता तिथून, डोंगराचा एक काळा तुकडा दिसला आणि पुन्हा झाकला गेला.

गौरांगचा हात बटणाकडे गेला, थांबला, आणि मग गेला. दिवा हिरवा झाला.

"निधी," तो म्हणाला. "निधी, मला नाही समजून राहिलं. तू सांग."

निधीने आपली खुर्ची त्याच्या पडद्याकडे वळवली.

"उजवीकडे घे," ती म्हणाली. "हळू."