क्रमांक चौदाचं मौन

चिंचोका आधी गार लागतो, मग हाताइतकाच कोमट होतो... पौर्णिमाने तो या मुठीतून त्या मुठीत घेतला आणि बंद दाराकडे पाहिलं. आत पाच बाया, एक पितळी गडवा आणि हसणं. अख्खा चिंचोका म्हणजे हो, फोडलेला म्हणजे नाही. पदराआडून गडव्यात टाकायचा, कुणी काय टाकलं ते कुणाला कळत नाही. ही युक्ती बायांची. अभ्यासासाठी निधी मागणारीने बाहेर बसायचं हा नियम मात्र पौर्णिमाचा स्वतःचा, अकोल्याच्या कॉलेजात शिकवता शिकवता सात वर्षं घासून लिहिलेल्या प्रबंधातून निघालेला. निधी बायांसाठी, तर तो कुणाला द्यायचा हे बायांनीच ठरवावं, असं तिने देणगीदारांना पटवलं होतं, आणि अमरावती-अकोल्याच्या कितीतरी जणी नांदगाव पेठेतल्या या ओट्यावर नखं कुरतडत बसून गेल्या होत्या. आज तिची पाळी. कापड कारखान्यातल्या बायांवरचा नवा अभ्यास – यांनी नाही म्हटलं तर तो कागदावरच राहणार. करावे तसे भरावे! तिला हसू आलं.

तासाभरापूर्वी सगळं सुरळीत चाललं होतं. मग बेबीताईंनी, भाजीची गाडी लावून तशाच आलेल्या, हाताला मेथीचा वास, मध्येच विचारलं, "तुह्या त्या मोठ्या पुस्तकात मी हाय म्हणतेस. काय लिवलं माह्याबद्दल?"

"मी टिपणं घ्यायला आले होते, त्या बैठकीत तुम्ही शेवटपर्यंत गप्प राहिलात, ते. गप्प राहणं हासुद्धा एक नकारच असतो, असं..."

"गप? खर्रा होता वो तोंडात! थुकाले जागा नोती."

बाया हसून हसून लोळायच्या बाकी राहिल्या. कारखान्यात शिलाईवर असलेल्या भागीरथाने तर पदराने डोळे पुसले. हसणं ओसरल्यावर बेबीताई म्हणाल्या, "लिवल्यावर मले एकडाव वाचून काऊन नाही दाखवलं, पोरी?"

"तुम्हाला जड गेलं असतं..." पौर्णिमा बोलून गेली. त्यावर कुणीच हसलं नाही.

"जाय, बाहीर बस जराशी," म्हणत बेबीताईंनी गडवा पुढे ओढला.

तंबाखू-सुपारीचा खर्रा... आणि तिने त्यावर चार पानं लिहिली होती! प्रतिसादक क्रमांक चौदाचं मौन, त्याचे तीन स्तर, खाली बारीक टिपा. परीक्षकांनी नेमकी तीच पानं वाखाणली होती, आणि ती आनंदाने घरी पेढे घेऊन गेली होती. लाज वाटली. पण लाजेच्या पाठोपाठ काहीतरी हलकंही वाटलं, पायातली चावणारी चप्पल काढल्यासारखं. मलाही एक चिंचोका टाकायला दिला असता, तर मी कोणता टाकला असता? हातातला तर अख्खा होता. तिने तो दगडावर ठेवला आणि पिशवीतून प्रबंध काढला, छाप पडावी म्हणून मुद्दाम आणलेला. पान दोनशे अकरा. बंद दाराकडे तोंड करून ती वाचू लागली.

"प्रतिसादक क्रमांक चौदा हिचे मौन..." पहिल्याच वाक्याला ती अडखळली. जड खरंच होतं की, तिला स्वतःलाच! तिने पुन्हा सुरुवात केली, "बेबीताई त्या दिवशी बोलल्या नाहीत. मला वाटलं..."

आतलं हसणं थांबलं.

"जोरानं वाच वो! आयकू येऊन नाही राहिलं," आतून हाक आली.

गडव्यात आणखी एक चिंचोका खळ्ळकन पडला. कोणता, हा विचार तिच्या मनात आलाच नाही. पुढच्या ओळीतलं 'मौन' बेबीताईंना कसं सांगावं, या धास्तीत ती साधे शब्द शोधत होती, आणि तिला फार मजा येत होती.