तिसरा तुकडा

सुईचं टोक – तांदळाच्या कणीएवढंही नाही – तिने चिमटीत धरलं आणि हळूच मूठ मिटली. सुई मोडली की सगळे तुकडे शोधायचे, कार्डावर चिकटवायचे, खाली कारण लिहायचं, तेव्हा कुठे नवी सुई मिळते. एक जरी तुकडा हरवला तरी अख्खी लाइन बंद, कारण कपडे लहान मुलांचे. आज तिच्या कार्डावर दोनच तुकडे होते.

"तिसरा?" सुपरवायझर बाईंनी विचारलं.

"सापडत नाही."

चाळीस मशिनी एकदम गप्प झाल्या. चार वाजता मालाचा ट्रक सरहद्दीच्या कुंपणापलीकडे जायचा होता... जा म्हणावं आता! शोध, बाई, शोध. अशाच कार्डांमध्ये तू माझ्या धाकट्या बहिणीला शोधलं होतंस ना?

धाकटीने अर्ज लिहिला होता. ओव्हरटाइमची सक्ती नको, लघवीला जायला चिठ्ठी नको – एवढंच. सह्या सगळ्यांनी गोलाकार केल्या होत्या, सुरुवात कुणाची ते कळू नये म्हणून. केवढं डोकं लढवलं! आणि अर्ज मात्र वेडीने स्वतःच लिहिला, ज्या अक्षरात ती मोडलेल्या सुयांची कारणं लिहायची त्याच अक्षरात. बाईंनी जुनी कार्डं काढली, अक्षर जुळवलं, साहेबांच्या टेबलावर ठेवलं. बाई आणि धाकटी एका डब्यात जेवायच्या – केसाने गळा कापला. दुसऱ्या दिवशी धाकटीचा इकडे काम करायचा परवाना रद्द, गाडीत घालून सरहद्दीपलीकडे, आमच्या मुलखात. माझं लग्न इकडच्या माणसाशी, म्हणून मी राहिले. जाळीतून ती काहीतरी ओरडत होती. ट्रकांच्या हॉर्नमध्ये मला एक अक्षर ऐकू आलं नाही.

बाई आता गुडघ्यांवर होत्या, हातात लोहचुंबक. काचेच्या केबिनमधून साहेब खाली आले.

"साडेतीनपर्यंत मिळाला नाही, तर उद्यापासून येऊ नका."

सगळ्यांसमोर. तिच्या पोटात – खोटं कशाला बोलू, माझ्या पोटात – अगदी गार गार वाटलं. करावं तसं भरावं! घरी दोन पोरं आहेत म्हणे हिला... असू देत. धाकटीला कुणी विचारलं होतं?

बाई सरपटत तिच्या मशीनखाली आल्या. वर पाहिलं. मिटलेली मूठ, बोटांच्या फटीत रक्ताचा एक थेंब... पाहिलं, नीट पाहिलं. बोल आता. 'साहेब, हिच्या मुठीत आहे' – एवढंच तर म्हणायचंय, चुगलीत तुझा हात कोण धरणार? ती वाट बघत राहिली. माझं काम जाऊ दे, मलाही गाडीत घालू देत, पण आधी तू बोल.

"इथे नाही, साहेब," बाई म्हणाल्या, आणि पुढच्या मशीनखाली सरकल्या.

हे काय केलंस तू? कुणी मागितलं होतं? घड्याळात तीन वीस. मूठ उघडायची की आणखी आवळायची ते तिला कळेना. टोक आत आत रुतत चाललं होतं... धाकटी तर गेलीच. निदान तुझा राग तरी मला नीट करू दे ना, बाई.