पाचवी माळ

आमच्या घरात बाईला देवघर मिळतं ते परकर नेसायच्या वयापर्यंत, आणि नंतर थेट केस पिकल्यावर. मधली सगळी वर्षं दर महिन्याला चार दिवस सोप्यातल्या कोपऱ्यात घोंगडं टाकून बसायचं आणि त्याला 'अडचण' म्हणायचं. ती अडचण नेमकी कुणाची, हे मला लग्न होऊन या घरात आल्यापासून कळलेलं नाही. पण विचारायची सोय नव्हती.

माझ्या सासूबाईंचं नाव शालूबाई. मी त्यांना आत्या म्हणते. ताकारीच्या बाजूला आमचा ऊस, सासरे आकाराम, माझे मामा, फौजेतून हवालदार म्हणून परत आलेले. माणसं मोजकी बोलणारी. आत्यांनी उभ्या जन्मात स्वतःसाठी एकच गोष्ट मागितली असेल, ती म्हणजे नवरात्रातला घट. आमच्यात घटाला बसणारी बाई नऊ दिवस देवघर सोडत नाही. दिव्याला तेल तीच घालते, रोजची माळ तीच चढवते. आणि अंगावरून जाणं कायमचं थांबलेल्या बाईलाच तो मान मिळतो. आधी तो थोरल्या आत्यांकडे, म्हणजे आत्यांच्या थोरल्या जावेकडे, चंद्राबाईंकडे होता. गुडघ्यांनी दगा दिला तेव्हा त्यांनी तो नाइलाजाने सोडला. तोवर आत्यांची पाळी थांबून दीड वर्ष झालं होतं. पहिल्यांदा घटाला बसल्या तेव्हा त्यांच्या तोंडावर जे तेज होतं, ते मी त्यांच्या पोराच्या, जयराजच्या लग्नातही पाहिलं नव्हतं. त्या लग्नातली नवरी मीच होते, म्हणून खात्रीनं सांगते.

पाळी सुखासुखी गेली नव्हती. चार वर्षं तिनं आत्यांना छळलं. दोन-दोन महिने पत्ता नसायचा, मग शेतात भांगलताना अचानक असं रक्त जायचं की लुगडं बदलायला उसात शिरावं लागायचं. गेली एकदाची, तर वाफा सुरू झाल्या. भाकरी थापता थापता मानेपासून आग उसळायची, घामानं चोळी भिजायची. झोप उडाली. साध्या शब्दाला डोळे भरून यायचे. "म्हातारपण म्हनत्यात याला," थोरल्या आत्या म्हणाल्या. पन्नाशीतल्या बाईला म्हातारी म्हणून विषय मिटवायला काही लागत नाही. मला राग आला. मी शहाण्णव सालच्या उन्हाळ्यात आत्यांना सांगलीला बाईडॉक्टरकडे नेलं.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं आणि गोळ्या दिल्या. अंगात जो रस बनायचा थांबलाय, तोच या गोळ्यांतून मिळतो, म्हणाल्या. एक गोळी रोज, महिन्याच्या शेवटाला तिच्या जोडीला दुसरी, मग दोन्ही काही दिवस बंद. "बंद केल्यावर पाळीसारखं रक्त जाईल. ते गोळ्यांचं, त्याला घाबरू नका. पण मधेच कधी गेलं, तर त्याच दिवशी माझ्याकडे यायचं. उद्या-परवा करायचं नाही."

आत्यांनी एवढं सगळं ऐकून एकच विचारलं, "त्या दिसांत देवाला शिवायचं का?"

"ते मला नाही हो सांगता येणार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

गोळ्यांनी माणूस परत आणलं. आत्या झोपायला लागल्या, जात्यावरच्या ओव्या गिरणीच्या रांगेत म्हणायला लागल्या. पण महिना संपला की रक्त यायचं, आणि दोरीवर वाळणाऱ्या धडप्यांचा, पाळीच्या फडक्यांचा, हिशेब घरातल्या बायांना बरोबर कळतो. आत्यांनी माझा हात धरला. "पोरी, कुनाला कळलं तर घट जाईल माझा. थोरली वाटच बघतीया." मग धडपे माझेच ठरवून त्यांच्या अडचणीला मी बसायला लागले. मी कोपऱ्यात घोंगड्यावर, आणि आत्या गुडघ्यांचं निमित्त सांगून देवघराच्या बाहेर. माझी स्वतःची अडचण वेगळीच. म्हणजे महिन्यातून दोनदा बाजूला बसणारी सून. जयराज काळजीत, शेजारणी हळहळायच्या, आणि मला आयतं पुस्तक वाचायला मिळायचं. खोटं बोलून इतका आराम मला कधी मिळाला नव्हता.

नवरात्र जवळ आलं. गोळ्या बंद करायचे दिवस नेमके त्यात येत होते. आमच्याकडे सणासुदीला, लग्नकार्याला पाळी पुढे ढकलायच्या गोळ्या सर्रास घेतात. दुकानदार नावसुद्धा विचारत नाही. आत्यांनी तोच हिशेब या गोळ्यांना लावला. बंद करायच्याच नाहीत, दोन्ही चालू ठेवायच्या, म्हणजे दसऱ्यापर्यंत काही येणार नाही. हे त्यांनी मलाही सांगितलं नाही.

चार माळा नीट चढल्या. मातीत पेरलेलं धान्य बोटभर वर आलं होतं. पाचव्या माळेच्या सकाळी आत्यांनी मला न्हाणीत बोलावलं. तोंड पांढरं पडलेलं.

"आलं गं," त्या म्हणाल्या. "गोळी चालू असताना आलं. तू बस बाजूला."

"आवं आत्या, डॉक्टरीणबाई काय म्हनल्या हुत्या? त्याच दिवशी या म्हनल्या हुत्या."

"घट उठू दे. दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी जाऊ. चार दिसांत काय मरतीया व्हय मी?"

"बाजूला मी बसंन. पर तपासायला तुमच्या जागी मला झोपता येतंय का?"

त्या लुगडं सावरून देवघराकडे वळल्या. मी घोंगडं टाकून बसले, पण त्या दिवशी पुस्तक उघडलं नाही. दारातून आत्या दिसत होत्या. दिव्यापासून हातभर लांब बसलेल्या, भिंतीला टेकून. मामांना त्यांनी दिव्यात तेल घालायला सांगितलं. सासऱ्यांनी कधी न केलेलं काम होतं ते, पण हुकूम पाळायची सवय होती, त्यांनी घातलं. माळ मात्र ताटातच राहिली. झेंडू दुपारपर्यंत मलूल झाला. मला भीती वाटत होती. आईसाठी वाटावी तशी.

संध्याकाळी आरतीला बाया जमल्या. थोरल्या आत्या काठी टेकत आल्या आणि सोप्यात मला बघून थबकल्या.

"पुन्यांदा बसलीस? शालू, ही पोर किती डाव बसतीया, तुला दिसत न्हाई? हिच्या पोटात काय तरी बिघडलंय. जयराजला म्हनावं, उद्याच्याला सांगलीला घिऊन जा."

"दसरा झाल्यावर..." आत्या आतून म्हणाल्या.

"दसरा कशाला? रगात जातंय पोरीचं आन् तू दसऱ्याचं सांगतीस? देवी काय पळून चाललीया? मानूस गेलं तर माळ कुनासाठी चढवायची?"

सोवळ्याओवळ्यात आख्ख्या भावकीत थोरल्या आत्यांचा हात धरणारं कुणी नव्हतं, आणि हे त्याच बोलत होत्या. आत्या भिंतीला धरून उठल्या, उंबऱ्यापर्यंत आल्या.

"तिचं काय बिघडलं न्हाई," त्या म्हणाल्या. "मला जातंय. दर महिन्याला मलाच जात हुतं. ती माझ्यापायी बसत हुती."

थोरल्या आत्यांचं तोंड उघडंच राहिलं. मग ते मिटलं, आणि मिटलं ते कडकच. काठी टेकत त्या देवघरात गेल्या, गोमूत्र शिंपडलं, ताटातली शिळी माळ बाजूला करून ताजी ओवून चढवली. आत्या उंबऱ्याबाहेर उभ्या राहून बघत होत्या. त्यांच्या तीस वर्षांच्या वाट पाहण्याचं असं झालं. मला थोरल्या आत्यांचा तेव्हा फार राग आला. पण परत निघताना त्या आत्यांकडे न बघता म्हणाल्या, "सकाळची पहिली यष्टी धर. तेलाचं मी बघते."

सांगलीला डॉक्टरीणबाई गोळ्यांचा घोळ ऐकून रागावल्या. गोळ्या अशा घेतल्यामुळेही रक्त आलं असेल, पण गृहीत धरायचं नाही, म्हणाल्या. गर्भपिशवीच्या आतलं अस्तर थोडं काढून तपासायला पाठवलं. निकाल आला तेव्हा घट उठून गेले होते. मामाही सोबत आले होते. डॉक्टरीणबाईंनी आधी त्यांना खुर्ची दिली, तेव्हाच मला कळलं.

"अजून कॅन्सर नाही," त्या म्हणाल्या. "पण वाट त्याच गावाची आहे. पिशवी काढू. लवकर आलात."

मामांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि कितीतरी वेळ तीच नीट करत राहिले. आत्या रडल्या नाहीत. रडले ती मी.

पिशवी काढली. गोळ्या बंद झाल्या, वाफा परत आल्या, आत्यांनी त्या सोसल्या. पुढचं नवरात्र आलं, तेव्हा थोरल्या आत्या स्वतः येऊन म्हणाल्या, "आता तर पिशवीच न्हाई. आता तुला कशाची अडचन? तू बस." मला वाटलं आत्या नको म्हणतील. मी असते तर म्हटलं असतं. पण आत्यांना घट हवा होता. त्या बसल्या.

पाचव्या माळेला माझी पाळी आली. खरोखरची, माझी स्वतःची. मी घोंगडं टाकलं. थोरल्या आत्या देवघराच्या दाराशी जप करत बसल्या होत्या.

"तेलाची बुधली आन गं," आत्यांनी आतून हाक मारली.

"आत्या, मी बाजूला हाय."

"ठाव हाय मला." त्या थांबल्या. "माझ्यापायी लय बसलीस तू. आत ये."

मी थोरल्या आत्यांकडे पाहिलं. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि माळेचा पुढचा मणी ओढला. मी बुधली उचलली आणि उंबरा ओलांडून आत गेले.