टीनाच्या मागचं घर

मी कॅमेऱ्याची पंच्याऐंशीची लेन्स बोलतेय. पंच्याऐंशी हे माझं वय नव्हे, मिलिमीटरमधलं माप आहे. आणि आधीच सांगते, गोड बोलायला मी आलेली नाही. मला राग आलाय आणि तो आज मी बोलून टाकणार आहे.

माझा जन्म कुठल्याशा परदेशी कारखान्यात झाला. काच घासणारे हात फार जपून काम करायचे, एवढंच आठवतं. तिथून डबाबंद होऊन मी छत्तीसगडातल्या भिलाईला आले, सिविक सेंटर बाजारातल्या एका दुकानात. तिथे मोहित आला. दुकानदाराने त्याच्यासमोर तीन लेन्स मांडल्या. त्याने एकीलाही कॅमेऱ्याला लावून पाहिलं नाही.

"बच्चों के आउटडोअर पोर्ट्रेट काढायचे आहेत. पंच्याऐंशीच द्या," म्हणाला. कुठल्या तरी व्हिडिओत ऐकलं होतं स्वारीने.

खोटं कशाला बोलू, त्याचं फार चुकलं नव्हतं. बागेत मूल खेळत असावं, मी सात-आठ पावलं लांब असावं. थोड्या वेळाने मूल मला विसरतं आणि मग त्याचा खरा चेहरा दिसतो. रुंद लेन्स जवळ नेली तर पोराचं नाक बटाट्याएवढं होतं, माझ्यात तसं होत नाही. शिवाय मागचं झाड, कुंपण, कचराकुंडी सगळं मी विरघळवून टाकते. लोकांना तेच हवं असतं. आईबाप आपल्या लेकराकडे नंतर बघतात, आधी म्हणतात, "वा, मागचं काय ब्लर झालंय!"

झालं, मोहितला तेवढंच पाठ झालं. तीन वर्षं जागा कुठलीही असो, मीच, आणि माझा डोळा टक्क उघडा, म्हणजे मागचं सगळं विरघळलेलं. बॅगेत माझ्या शेजारी पस्तीसची एक लहानशी लेन्स होती. माणूस आणि त्याचं अंगण, दोन्ही एका नजरेत घेणारी. ती बिचारी तशीच पडून असायची.

मग मोहितचे वडील मारोतराव पोलादाच्या प्लांटमधून निवृत्त झाले. एकतीस वर्षांचं क्वार्टर सोडून गावातल्याच सुपेला भागात दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये जायचं ठरलं. क्वार्टर कंपनीचं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण म्हणून माया थोडीच कंपनीची असते? भट्टीतून भंगारात निघालेल्या विटा आणून मारोतरावांनी दारात तुळशीवृंदावन बांधलं होतं. समोरची भिंत मोहितची आई, सिंधुताई, दर दिवाळीला स्वतःच्या हाताने पिवळी रंगवायच्या.

निघायच्या दिवशी सकाळी सामानाची गाडी भरून उभी होती. सिंधुताईंनी चार वर्षांच्या नातीला, टीनाला, नवा फ्रॉक घालून दारासमोर उभं केलं.

"मोहित, हिचा एक फोटू काढ बापू. पन मांग आपलं घर पुरं दिसलं पायजे. पोरगी लहान हाये, तिले काही याद नाई राहणार. मोठी झाली का दाखवीन मी तिले, तू अठी जन्मली म्हनून."

"हो आई, टेन्शन मत ले."

त्याचा हात बॅगेत आला. आधी पस्तीसला लागला. मी मनात म्हटलं, घे रे बाबा, तिलाच घे, आज माझं काम नाही. त्याने मलाच उचललं! बरं, मला घेतलंस तर रस्त्यापलीकडे जा, माझा डोळा बारीक कर, म्हणजे मागचं कमी विरघळेल, निदान दार तरी ओळखू येईल. तेही नाही. चौदा फोटो काढले आणि स्वतःवरच खूश झाला. दुपारी किल्ल्या जमा झाल्या.

महिन्याभराने फ्लॅटच्या भिंतीवर मोठी फ्रेम लागली. सिंधुताई पदराला हात पुसत जवळ आल्या.

"टीना तं लय साजरी दिसून राहिली. पन मोहित, माहं घर कुठी हाये?"

"मागे आहे ना आई. ते पिवळं-पिवळं दिसते ते."

"हे?" त्यांनी बोट ठेवलं. मारोतरावांनी चष्मा लावून पाहिलं आणि ते गॅलरीत जाऊन बसले.

"या लेन्समध्ये ऐसाच येते, आई. लेन्सचा प्रॉब्लेम आहे," मोहित म्हणाला.

नाचता येईना अंगण वाकडे! मला तळपाय नाहीत, नाहीतर त्यांची आग मस्तकात गेली असती. आईने एका वाक्यात सांगितलं होतं, काय दिसायला हवं ते. ते ऐकायला कुठली लेन्स लागते?

दुसऱ्या दिवशी पस्तीसला घेऊन तो जुन्या क्वार्टरकडे धावला. तोवर नव्या बिऱ्हाडाने भिंत पांढरी केली होती आणि विटांचं वृंदावन काढून मोटरसायकलला जागा केली होती. सगळ्यांचे मोबाईल धुंडाळले. वाढदिवसाच्या केकमागे हातभर भिंत सापडली, बस्स. राहत्या घराचा फोटो कोण काढतं? मग रात्र-रात्र संगणकावर बसून तो माझ्या फोटोतून दार उकरून काढू लागला. जे मी टिपलंच नाही, ते येणार कुठून?

आता त्याने मला इंटरनेटवर विकायला काढलंय. खाली लिहिलंय, "फारशी वापरलेली नाही." धडधडीत खोटं! जो कुणी मला घेईल त्याला हात जोडून सांगते. मुलाचा फोटो काढायच्या आधी त्याच्या घरच्यांना विचार, यात काय काय राहायला हवं. मग लेन्स निवड. मी नको असेन तर मला खुशाल बॅगेत राहू दे, मला त्याचा राग येणार नाही.

काल सिंधुताईंनी टीनाला कडेवर घेऊन त्या फ्रेमसमोर नेलं.

"हे पिवळं पाह्य बरं, बाई. हे आपलं घर."

टीनाने निरखून पाहिलं आणि मान हलवली. "नाही आजी, ये तो धूप है. ऊन पडलंय."

सिंधुताईंनी तिला खाली उतरवलं. पुन्हा सांगून पाहिलं नाही.